टबावरील शॉवरची कथा

गेल्या वर्षीं आमच्या चिरंजीवांनीं पुण्यांत नवें घर घेतलें आणि न्हाणीघरांत मधोमध, भिंतीपासून सुटा, चार पायांचा पांढराशुभ्र टब आणून ठेवला. आठ दिवस गेले नाहींत तोंच सूनबाई म्हणाली, "यांत बसून अंग भिजतें खरें, पण न्हाल्यासारखें वाटत नाहीं. वरून पाणी हवें." मग टबाच्या कडेनें एक नळी उभी केली, तिच्या टोंकास शॉवर बसविला, भोंवतीं पडदा लावला. मोठ्या उत्साहानें तोटी फिरविली, तों पाणी पडण्याऐवजीं ठिबकूं लागलें! महादेवाच्या पिंडीवरील अभिषेकपात्राची आठवण व्हावी, इतकीच त्याची धार.

कारण साधें होतें. घर शेवटच्या मजल्यावर आणि टांकी लगेच वरच्या गच्चीवर. म्हणजे शॉवरच्या वर जेमतेम दोन मीटर. पाण्याचा दाब त्याच्या उंचीवर अवलंबून असतो, हा धडा मीं पस्तीस वर्षें मुलांना शिकविला. दहा मीटर उंचीस सुमारें एका वातावरणाचा दाब मिळतो. दोन मीटरला त्याचा पांचवा हिस्सा. टब कसाही, हळूहळू कां होईना, भरतो. शॉवरचें मात्र उंचीवांचून चालत नाहीं. शॉवरचा इतिहास हा बहुतांशीं या उंचीचाच इतिहास आहे, हें त्या दिवशीं माझ्या ध्यानांत आलें.

वरून पडणाऱ्या पाण्याखालीं न्हाण्याची हौस फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीं सहाव्या शतकांतील ग्रीक कलशांवर, पशुमुखांतून पडणाऱ्या धारांखालीं उभ्या राहून स्नान करणाऱ्या स्त्रियांचीं चित्रें आढळतात. पुढें १७६७ सालीं लंडनमधील विल्यम फीदम नांवाच्या शेगड्या बनविणाऱ्या कारागिरानें शॉवरचें पेटंट घेतलें. त्यांत हातपंपानें पाणी डोक्यावरच्या भांड्यांत चढवावयाचें आणि सांखळी ओढली कीं तें एकदम अंगावर कोसळावयाचें. त्या काळीं दाबाचें पाणी घरोघर नव्हतें. जी उंची नळानें द्यावयाची, ती मनुष्याच्या दंडांना द्यावी लागे.

सुमारें १८१० सालीं इंग्रज श्रीमंतांच्या घरीं याहून थाटाचा शॉवर आला. त्याच्या नळ्या बांबूसारख्या दिसाव्या म्हणून रंगवीत. परंतु खालच्या पात्रांत सांचलेलें तेंच पाणी पंपानें पुनः वर चढवून पुनः अंगावर घेत! आमच्या आजीनें याला स्नान म्हटलें नसतें. पाणी वरून पडलें म्हणजे स्वच्छच असतें असें नव्हे. तें वाहून गेलें पाहिजे. त्यासाठीं वर नळ हवा आणि खालीं मोरी हवी. इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स हे १८५१ सालीं लंडनमधील टॅव्हिस्टॉक हाउस या घरीं राहावयास गेले, तेव्हां थंड पाण्याचा उत्तम शॉवर आणि त्याला सदैव भरपूर पाणी, यांविषयीं त्यांनीं आपल्या मेहुण्यास आग्रहानें लिहिलें होतें. हे मेहुणे आरोग्यखात्याच्या मंडळाचे चिटणीस होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. उत्तम स्नान हा आतां शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रश्न झाला होता.

येथवर शॉवर ही सुखवस्तूंची चैन होती. तिला सर्वांच्या उपयोगाची वस्तु केली ती राजवाड्यानें नव्हे, तुरुंगानें! फ्रान्समधील रूआं येथील तुरुंगाचे वैद्य डॉक्टर देलाबोस्त यांच्यापुढें शेंकडों कैद्यांना स्वच्छ ठेवण्याचा प्रश्न होता. प्रत्येकास टब भरून द्यावयाचा तर पाणी, सरपण आणि वेळ यांचा मेळ बसेना. १८७२ च्या सुमारास त्यांनीं कैद्यांना ऊन पाण्याच्या शॉवरखालीं उभें केलें. थोड्या पाण्यांत पुष्कळ माणसें स्वच्छ झालीं, आणि एकाचा मळ दुसऱ्याच्या अंगास लागला नाहीं. लवकरच प्रशियाच्या सैन्यानें आपल्या बराकींत हीच पद्धति उचलली. १८८३ सालीं बर्लिनच्या आरोग्य-प्रदर्शनांत डॉक्टर ऑस्कर लासार यांनीं पन्हळी पत्र्याचें एक लहानसें लोकस्नानगृह उभारलें. तेथें दहा फेनिगांत साबण, टॉवेल आणि ऊन पाण्याचा शॉवर मिळे. प्रत्येक जर्मनास आठवड्यास एक स्नान, ही त्यांची घोषणा होती.

योगायोग असा कीं, त्याच १८८३ सालीं अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथें जॉन मायकेल कोहलर यांनीं जनावरांच्या उपयोगाच्या एका ओतीव लोखंडी डोणीला मुलामा देऊन, चार पाय लावून, तिचा टब केला. असा सुटा टब झाडलोटीस सोयीचा. पण त्यावर शॉवर बसवावयाचा तर त्याला भिंतीचा आधार नाहीं. म्हणून उभी नळी, वर छताला टांगलेलें कडें आणि टबाच्या आंत सोडलेला गोल पडदा, एवढा खटाटोप आला. पडद्याचें टोंक बाहेर राहिलें कीं न्हाणीघराचें तळें झालेंच समजा! १९११ सालीं कोहलर कारखान्यानें भिंतीलगत बसणारा एकसंध टब काढला. त्यानंतर अशा टबांचा प्रसार होऊन सुटा टब मागें पडला. आज शोभेसाठीं तो पुनः आला आहे, आणि आपल्याबरोबर जुन्या अडचणीही घेऊन आला आहे.

आमच्या घरची अडचण एका लहान पंपानें दूर झाली. फीदमच्या घरीं नोकराचे दंड जें काम करीत, तें आतां वीज करते. परंतु त्याहून मोठी गोष्ट उन्हाळ्यांत घडली. टांकीचें पाणी अपुरें पडून दाराशीं टँकर येऊं लागले, तेव्हां सूनबाईनें टब भरणें बंद केलें. तो भरावयास दीडशें लिटरांहून अधिक पाणी लागे. पांच मिनिटांच्या शॉवरला साधारण पन्नास लिटर पुरतात; म्हणजे एका टबांत तिघांचीं स्नानें. माझी आई विहिरीचें पाणी शेंदून आणी. तिच्या घंगाळांतील तांब्या मोजून फिरे, आणि मागून येणाऱ्यासाठीं पाणी राखलेलें असे. आतां आमचा नातू त्या शोभिवंत टबांत उभा राहून शॉवर घेतो आणि साबण लावतांना तोटी बंद करतो. हें त्याला मीं शिकविलें नाहीं. टँकरच्या रांगेनें शिकविलें.