१९८४ : 'होळी', 'पार्टी' आणि आम्ही मास्तर

सिनेमाचे तिकीट मिळाले नाही म्हणून महेश एलकुंचवार नाटकाकडे वळले, ही आठवण त्यांनी स्वतःच सांगितली आहे. साठच्या दशकात नागपुरात ते चित्रपट पाहायला गेले. तिकिटे संपलेली होती, म्हणून नाटकाला जाऊन बसले. ते नाटक होते विजय तेंडुलकरांचे 'मी जिंकलो! मी हरलो!' आणि दिग्दर्शन होते विजया मेहता यांचे. त्या प्रयोगाने या तरुणाला लेखनाची वाट दाखवली. १९६७ साली 'सत्यकथे'त त्यांची 'सुलतान' ही एकांकिका आली आणि पुढचा इतिहास आपण जाणतो. हुकलेला सिनेमा मात्र त्यांना फिरून भेटला. १९८४ या एकाच वर्षी त्यांच्या दोन नाट्यकृती पडद्यावर आल्या : केतन मेहतांचा 'होळी' आणि गोविंद निहलानींचा 'पार्टी'.

मराठीच्या वर्गात या दोन चित्रपटांविषयी आपण काय सांगतो? फार तर एक ओळ : 'यावर पुढे हिंदीत चित्रपट निघाला.' वास्तविक त्या काळचा हिंदी समांतर सिनेमा मराठी लेखणीचा मोठा ऋणी आहे. 'निशांत' (१९७५) आणि 'आक्रोश' (१९८०) तेंडुलकरांनी लिहिले. 'अर्धसत्य'चे (१९८३) मूळ श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेत आहे. पण पडद्यावरची भाषा हिंदी, त्यामुळे आमच्या वाङ्मयेतिहासाने हे धन परक्याचे मानले. खरे तर रूपांतर हे संहितेचे एक वाचनच असते, आणि कित्येक समीक्षालेखांपेक्षा ते अधिक धीट असू शकते.

'होळी'पासून सुरुवात करू. सणाचा दिवस, पण महाविद्यालयाला सुटी नाही. मुलांचा वैताग दिवसभर साचत जातो आणि शेवटी त्यांच्यातल्याच एका दुबळ्या मुलावर, आनंदवर, तुटून पडतो. अपमानाने कोसळलेला आनंद जीव देतो. नाटक पाहताना आपण ठरावीक अंतरावर बसलेलो असतो. केतन मेहता ते अंतर काढून घेतात. जहांगीर चौधरी यांचा कॅमेरा वसतिगृहाच्या व्हरांड्यांतून मुलांबरोबर धावतो, आणि दृश्य लवकर तुटतच नाही. (या छायाचित्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.) दृश्य तुटले की प्रेक्षकाला श्वास घेता येतो, मान वळवता येते, ती सवलतच येथे नाही. टोळक्याच्या मागे आपणही चालत राहतो आणि आनंदची विटंबना सुरू होते तेव्हा आपण त्या कोंडाळ्यात उभे असतो. आशुतोष गोवारीकर आणि 'आमिर हुसैन' या नावाने झळकलेला आमिर खान त्या टोळक्यात ओळखू येतात, तेव्हा आजचे विद्यार्थी हसतात. ते हसू फार वेळ टिकत नाही.

'पार्टी'ची तऱ्हा निराळी. दमयंती राणे यांच्या घरी, दिवाकर बर्वे या नाटककाराला पुरस्कार मिळाला म्हणून मुंबईतले साहित्यिक-कलावंत जमले आहेत. बून्युएलच्या 'द एक्स्टर्मिनेटिंग एंजल'मधले (१९६२) पाहुणे मेजवानीची खोली सोडूच शकत नाहीत. इथल्यांना दार उघडे आहे, तरी त्यांच्याही चर्चेला बाहेरची वाट सापडत नाही. बोलणे पुन्हा पुन्हा अमृतपाशी येते. हा कवी सारे सोडून आदिवासींमध्ये काम करायला गेलेला आहे. शेवटी त्याच्या हत्येची बातमी येते. नाटकात अमृत रंगमंचावर येतच नाही. निहलानी मात्र शेवटी रक्ताळलेला अमृत आपल्या डोळ्यांसमोर उभा करतात.

कित्येक वर्षे मी वर्गात सांगत आलो की येथे दिग्दर्शक चुकला. अमृतचे नसणे हेच नाटकाचे बळ. न दाखवलेले अधिक बोलते, वगैरे. हे सांगताना 'सूचकता' हा शब्द मी फार आवडीने वापरत असे. आता तसे वाटत नाही. अमृत समोर नाही म्हणूनच त्या दिवाणखान्यात त्याच्यावर इतके रसाळ बोलता येते. त्याची अनुपस्थिती पाहुण्यांच्या सोयीची आहे. कदाचित माझ्याही सोयीची होती. निहलानींनी ती सोय मोडली. 'आक्रोश'मधल्या लहान्या भिकूचे मौन ज्याने पडद्यावर आणले, त्या दिग्दर्शकाला अमृतला निव्वळ चर्चेचा विषय राहू देणे जड गेले असेल, असा माझा तर्क आहे.

दोन्ही चित्रपटांत एक चेहरा समान आहे. 'पार्टी'तला अमृत आहे नसीरुद्दीन शाह. आणि 'होळी'त तोच विद्यार्थ्यांशी मोकळेपणाने बोलणारा प्राध्यापक आहे. ओम पुरी 'होळी'त प्राचार्य आहेत, तर 'पार्टी'त पत्रकार अविनाश. निवड योगायोगाची असेलही. पण दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले, की शब्दांवर जगणारा मास्तर आणि शब्द सोडून गेलेला कवी एकाच चेहऱ्याने आपल्याकडे पाहतात. एलकुंचवार स्वतः नागपुरात इंग्रजीचे प्राध्यापक होते. 'होळी'तले प्राध्यापक त्यांना दुरून शोधावे लागले नसावेत.

एम.ए.ला असताना, वसतिगृहातल्या एका खोलीत, अडखळणाऱ्या सीडीवर मी 'होळी' प्रथम पाहिला. तेव्हा मी अर्थातच मुलांच्या बाजूचा होतो. मागल्या वर्षी वर्गात तो पुन्हा दाखवला. दिवे लागल्यावर शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, हे सगळं होत होतं तेव्हा शिक्षक कुठे होते?" मी संहितेच्या आधारे उत्तर दिले. उत्तर बरोबर होते. मुलगा मान हलवून खाली बसला, आणि मला जाणवले की त्याने हे संहितेविषयी विचारलेच नव्हते.