पडद्यावरील चमत्कार आणि त्यांचे कारागीर



जादूगारांचा एक जुना नियम आहे. खेळ दाखवावा, पण युक्ति सांगूं नये. युक्ति उघडी पडली कीं प्रेक्षकांचें आश्चर्य ओसरतें आणि जादूगाराचें पोटहि धोक्यांत येतें. असें असतां चित्रपटांत आग, महापूर, राक्षस आणि उडतीं विमानें निर्माण करणारे आजचे कलावंत या नियमाच्या अगदीं उलट वागतात. ते परिषदा भरवितात आणि अमुक दृश्य आपण कसें साधलें हें भरसभेंत क्रमवार सांगतात. संगणकावरील चित्रकलेची ‘सिग्राफ’ ही परिषद १९७४ सालीं अमेरिकेंत बोल्डर येथें प्रथम भरली. आपल्या मुंबईसहि २०२५ च्या मे महिन्याच्या पहिल्या चार दिवसांत ‘वेव्हज्’ नांवाची मोठी परिषद झाली, व तींत या कलेला स्थान होतें. ही चाल परकी आणि नवी आहे असें पुष्कळांस वाटतें. तिचें मूळ आपल्या महाराष्ट्रांतहि शंभर वर्षांहून जुनें आहे, हें आज सांगावयाचें आहे.

मी ज्या झाई गांवीं राहतों, त्याच्या उत्तरेस गुजराथची हद्द लागते व पलीकडे उंबरगांव येतें. १९६० सालीं मुंबई राज्याचीं दोन राज्यें होईपर्यंत उंबरगांव तालुका ठाणें जिल्ह्यांतच होता. तेथील वृंदावन स्टुडिओंत रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका तयार झाली. १९८७ च्या जानेवारीपासून १९८८ च्या जुलैपर्यंत ती दर रविवारीं सकाळीं दूरदर्शनवर दाखविण्यांत आली. दोन बाण आकाशांत एकमेकांस भिडलेले पाहून आलेलीं मुलें सोमवारीं वर्गांत विचारीत, “गुरुजी, हें कसें केलें असेल हो?” त्या प्रश्नानें भक्तीला कांहीं बाध येत नव्हता, ती निर्मळ जिज्ञासा होती. आणि तिचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे मनुष्य दादासाहेब फाळके यांच्यापर्यंत जाऊन पोंचतो.

१८७० सालीं त्र्यंबकेश्वर येथें जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे स्वतः जादूगार होते. आपलें आडनांव उलटें करून ‘प्रोफेसर केळफा’ या नांवानें ते प्रयोग करीत. छायालेखन व छपाई हे धंदेहि त्यांनीं केले होते. मुंबईस ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून आपलीं दैवतें पडद्यावर आणण्याचा ध्यास त्यांस लागला, आणि १९१२ च्या फेब्रुवारींत ते विलायतेस गेले. लंडनमध्यें ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांस ते ओळखीपाळखीवांचून जाऊन भेटले. कॅबोर्न यांनीं प्रथम या धंद्यांतील धोके दाखवून त्यांचें मन वळविण्याचा प्रयत्न केला. पण हा गृहस्थ मागें हटत नाहीं असें दिसतांच सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशीं त्यांची गांठ घालून दिली. हेपवर्थ यांनीं वॉल्टन येथील आपल्या स्टुडिओचे सर्व विभाग त्यांस मोकळ्या मनानें दाखविले. उद्यां कदाचित् प्रतिस्पर्धी होईल अशा एका परदेशी पाहुण्यापुढें त्यांनीं आपल्या विद्येचें कोठारच उघडें केलें. भारतीय चित्रपटाच्या पायांत या औदार्याचा एक चिरा आहे, हें विसरतां कामा नये.

परत आल्यावर फाळक्यांनीं एका कुंडींत वाटाण्याचें बीं पेरलें, समोर कॅमेरा स्थिर ठेवला आणि ठराविक अंतरानें एकेक चित्र घेतलें. तीं चित्रें सलग दाखवितांच कोंब फुटून वेल डोळ्यांदेखत वाढूं लागला. हा चमत्कार पाहूनच त्यांस भांडवलासाठीं कर्ज मिळालें. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. १९१७ सालीं ‘लंकादहन’ आला.

त्या काळच्या युक्त्या मुळांत साध्याच होत्या. कॅमेरा थांबवावा, पात्रानें जागा सोडावी आणि कॅमेरा पुन्हां फिरवावा. पडद्यावर पात्र अंतर्धान पावलेलें दिसतें. किंवा एकदां वापरलेली फिल्म मागें गुंडाळून तिच्यावरच दुसऱ्यांदा चित्र घ्यावें. दुसऱ्या वेळीं पात्र काळ्या पडद्यापुढें उभें केलें, तर काळा भाग फिल्मवर कांहींच उमटवीत नाहीं, आणि पहिल्या चित्रांतील ज्वाळांत देव प्रकट होतो. मात्र एक बोट चूक झाली कीं दोन्ही वेळची मेहनत वाया! युक्ति साधी, पण हात सधलेला हवा.

याच सुमारास फाळक्यांनीं जादूगाराचा नियम मोडला. १९१७ सालीं त्यांनीं ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा छोटा चित्रपट काढून कामाची रीत लोकांपुढें मांडली, आणि १९१७-१८ मध्यें ‘नवयुग’ मासिकांत या धंद्यावर लेखमाला लिहिली. अमेरिकेंत चित्रपट-तंत्रज्ञांची संस्था १९१६ सालीं स्थापन झाली होती. म्हणजे विचारविनिमयाच्या या कामांत आपण फार मागें नव्हतों. पुढें काय झालें पाहा. फाळक्यांनीं सुमारें शंभर चित्रपट काढले. त्यांतील बहुतेक नष्ट झाले, कारण त्या वेळची फिल्म सहज पेट घेणारी व कालांतरानें विरघळणारी होती. पण काम शिकवितांना दिसणारे फाळके त्या छोट्या चित्रपटाच्या उरलेल्या भागांत आजहि आपल्याला पाहावयास मिळतात. जें सांगितलें तें उरलें.

कोल्हापुरासहि हीच परंपरा दिसते. बाबूराव पेंटर यांनीं १९१८ च्या सुमारास दामले यांच्या साहाय्यानें स्वदेशी कॅमेरा सिद्ध केला. त्यांच्या ‘सैरंध्री’तील कीचकवधाचें दृश्य इतकें खरें वाटलें कीं सरकारी परीक्षकांनीं तें कापावयास लावलें. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे शिष्य तयार झाले, आणि त्यांनीं १९२९ सालीं ‘प्रभात’ची स्थापना केली. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मधील विमान वैकुंठाकडे निघतें, तेव्हां त्यामागें कोल्हापूरच्या कारखान्यांत शिकलेले हात असतात. पुढें ‘प्रभात’च्या पुण्यांतील जागेंतच १९६० सालीं सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झालें. गुरूच्या हाताखालीं बसून शिकण्याची विद्या तेथें वर्गांत आली.

सुरतेच्या बाबूभाई मिस्त्री यांनीं तर १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’ या चित्रपटांत काळ्या पार्श्वभूमीवर काळे धागे ओढून निर्जीव वस्तु हवेंत चालविल्या. त्यावरून त्यांस ‘काला धागा’ हेंच नांव पडलें. युक्ति सर्वांस कळली म्हणून बाबूभाईंची किंमत कमी झाली नाहीं. उलट पुढील अनेक वर्षें पौराणिक चित्रपटांस त्यांची गरज भासत राहिली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. युक्ति लपविल्यानें कला सुरक्षित राहत नाहीं. ती त्या मनुष्याबरोबर स्मशानांत जाते. आपल्या देशांत अशा किती विद्या घराण्यांच्या तिजोरींत बंद राहून लोपल्या! याच्या उलट, जी सांगितली जाते ती वाढते. मात्र परिषदेंत बोलावयास उभे राहतात ते मोजकेच. पडदे रंगविणारे, दिवे धरणारे, धागे ओढणारे आणि आज रात्र रात्र संगणकापुढें बसणारे शेंकडों लोक कोण, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. चित्रपटाच्या शेवटीं त्यांचीं नांवें सरकूं लागतात, तेव्हां आपण चपला शोधीत असतों. पुढच्या वेळीं दोन मिनिटें बसून तीं वाचावीं, एवढी माझी विनंति आहे. आणि उंबरगांवच्या त्या स्टुडिओंत ज्यांनीं कामें केलीं, ते आतां वयस्क झाले असतील. त्यांच्या आठवणी आमच्या भागांतील एखाद्या तरुणानें वहींत उतरून ठेवाव्या. हें काम पुढें ढकलतां येण्याजोगें नाहीं.