चढ वयाचा किती, वजनाचा किती?

‘आता वय झालं, बीपी वाढणारच’ हे वाक्य उपकेंद्राच्या ओट्यावर जितक्या सहज ऐकू येते, तितक्याच सहज ते डॉक्टरांच्या खोलीतही उच्चारले जाते. रक्तदाबाच्या अभ्यासक्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाला माझी पहिली विनंती ही की, या वाक्यावर इतक्यात विश्वास ठेवू नये. वय वाढते, वजन बदलते, दाब चढतो. या तिन्ही गोष्टी बरोबर घडताना दिसतात, पण त्यांतली कोणती कोणामुळे घडते हे शोधण्यात गेल्या शतकातील कितीतरी चांगल्या अभ्यासकांची हयात गेली आहे. उरलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे सह्याद्रीतल्या गगनबावड्यासारख्या तालुक्यातच सुटू शकतील, अशी माझी धारणा आहे.

माणसाचा दाब दंडावरून सोप्या रीतीने मोजता येऊ लागला, त्याला फार काळ लोटलेला नाही. इटलीतील रिवा-रोची यांनी फुगवायचा पट्टा आणि पाऱ्याची नळी १८९६ मध्ये पुढे आणली. रशियातील कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये पट्ट्याखालच्या धमनीतील आवाज नळीने ऐकण्याची पद्धत दिली, तेव्हापासून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे हाती येऊ लागले. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांचा अभ्यास सुरू झाला. तीच माणसे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासली गेली. त्यांतून दिसलेला आलेख आज प्रत्येक विद्यार्थ्याने मनात ठेवावा असा आहे. वरचा दाब तिशीपासून म्हातारपणापर्यंत चढत राहतो. खालचा दाब पन्नाशी-साठीपर्यंत चढतो आणि मग उतरू लागतो.

हे दोन आकडे उतारवयात वेगळ्या वाटा का धरतात? हृदय आकुंचन पावते तेव्हा महाधमनी ताणली जाऊन थोडे रक्त सामावून घेते आणि हृदय विसावते तेव्हा ते पुढे ढकलते. तिच्या भिंतीतील लवचिक तंतू दशकानुदशके ताण सोसून तुटत जातात, त्यांची जागा कडक तंतू घेतात. ताठ झालेल्या भिंतीत ठोक्याचा जोर जिरत नाही, म्हणून वरचा आकडा उसळतो. विसाव्याच्या क्षणी पुढे ढकलायला साठा उरत नाही, म्हणून खालचा घसरतो. सत्तरीतल्या आजोबांचा दाब १६० वर ७० आला की ‘खालचा तरी ठीक आहे’ म्हणून घरचे निश्चिंत होतात. त्या दोन आकड्यांमधली रुंदावलेली दरी हीच खरी चिंतेची खूण आहे, हे घरोघरी पोहोचवणे मला फार निकडीचे वाटते.

मग हा चढ निसर्गनियम मानावा का? १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट या अभ्यासात ३२ देशांतील ५२ केंद्रांवर दहा हजारांहून अधिक प्रौढांचे दाब एकाच पद्धतीने मोजले गेले. ब्राझीलच्या जंगलातील यानोमामी लोक त्यांत होते. त्यांच्या आहारात मीठ जवळजवळ नव्हते, अंगावर चरबी बेताची होती, आणि त्यांच्यात वयाबरोबर दाब चढत नव्हता. त्याच सुमारास इटलीतील अभ्यासकांनी मठात एकांतात राहणाऱ्या १४४ जोगिणींची आणि बाहेर संसार करणाऱ्या १३८ स्त्रियांची वीस वर्षांची तुलना मांडली. मीठ आणि वजन यांत दोन्ही गटांत विशेष अंतर नव्हते. तरीही संसारी स्त्रियांचा दाब चढत गेला, जोगिणींचा जवळपास जागच्या जागी राहिला. मिठाकडे बोट दाखवणाऱ्यांना आणि वजनाकडे बोट दाखवणाऱ्यांना ही जोगिणींची नोंद आजही विचारात पाडते.

तिसरा अभ्यास केनियातला, १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला. लुओ जमातीतील माणसे गाव सोडून नैरोबीला कामाला गेली आणि थोड्याच महिन्यांत गावी राहिलेल्यांपेक्षा त्यांचा दाब वर गेला. लघवीतून जाणाऱ्या मिठाचे प्रमाणही बदलले. गगनबावड्याच्या वाचकाला हे वाचताना मुंबई आठवल्याशिवाय राहणार नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या या तालुक्यातून कामासाठी शहर गाठणारा तरुण पंचविशीत जातो, पन्नाशीत परततो. मधल्या वर्षांत त्याचे वय वाढले, वजन वाढले, जेवण बदलले, झोप बदलली. परतल्यावर त्याच्या दंडाला पट्टा बांधणाऱ्याने त्याचा चढ कोणाच्या खात्यावर लिहायचा?

वजनाचा हिशेब वरवर सोपा दिसतो. शरीर मोठे झाले की रक्त अधिक लागते, हृदयाचे काम वाढते. पोटातील चरबी मूत्रपिंडांवर भार टाकते, काही संप्रेरके आणि नसांचा ताण वाढवते, आणि मूत्रपिंडे मीठ धरून ठेवू लागतात. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर सरासरीने एक किलो वजन उतरले की वरचा दाब सुमारे एक मिलिमीटर उतरतो. विशीपासून पन्नाशीपर्यंत बहुतेकांचे वजन वाढतच असल्याने ज्याला आपण वयाचा चढ म्हणतो, त्यातला बराचसा भाग वजनाचा असतो. साठीनंतर मात्र वजन घटू लागले तरी वरचा दाब चढायचा थांबत नाही. धमन्यांचा ताठरपणा तेव्हा आपला स्वतंत्र मार्ग धरतो.

पण ‘वजन’ म्हणजे नेमके काय मोजायचे? किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागण्याची रीत बेल्जियमच्या केतले यांनी १८३२ मध्ये सुचवली, आणि तीच आज जगभर चालते. ती आपल्या माणसांवर कशी फसते, हे पुण्याने जगाला दाखवले. के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपली स्वतःचीच मोजमापे छापली. या रीतीने काढलेला दोघांचा निर्देशांक एकच, २२.३, युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या याज्ञिक यांच्या अभ्यासात हाच प्रकार नवजात बाळांतही आढळला. सरासरी २.७ किलोची ती बाळे इंग्लंडमधल्या ३.५ किलोच्या बाळांहून सर्वांगाने बारीक होती, पण त्वचेखालची चरबी मात्र त्यांनी त्या मानाने राखून ठेवली होती. जन्मतः कमी वजनाच्या मुलांचा दाब मोठेपणी अधिक असतो, हे इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांनी १९८९ च्या सुमारास मांडले होते. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की वजनाची गोष्ट आईच्या गरोदरपणापर्यंत मागे जाते.

म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर आणली गेली, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची पातळी ठरली. बारीक माणूस सुरक्षित असतो ही समजूत किती महाग पडते, हे गडचिरोलीने सांगितले. ‘सर्च’ संस्थेच्या अभ्यासकांनी तिथल्या ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा पक्षाघात हे सर्वांत मोठे कारण ठरले; साधारण सात मृत्यूंमागे एक. ही गावे लठ्ठ माणसांची नव्हेत.

गगनबावड्याकडे मी वळतो ते याच कारणासाठी. एकाच छोट्या तालुक्यात कुंभीच्या काठी ऊस पिकवणारी गावे आहेत आणि वरच्या उतारांवर धनगरवाडे आहेत. घाटाखालून सुकी मासळी येते, ताटात खर्डा आणि लोणचे असते, आणि दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला अशा ताटापुढे अवघड होतो. पण इथला अभ्यास सावधपणेच करायला हवा. एका दिवसाच्या शिबिरात तिशीच्या आणि सत्तरीच्या माणसांचे दाब मोजून काढलेली रेघ म्हणजे वयाचा परिणाम नव्हे. तिशीचे कितीतरी पुरुष त्या दिवशी मुंबईत असतात. ज्यांचा दाब फार चढला होता, त्यांतले काही सत्तरी गाठतच नाहीत, म्हणून उरलेले वृद्ध आहेत त्याहून निरोगी भासतात. रोपलावणीच्या दिवसांत काबाडकष्ट करणारी माणसे शिबिराला फिरकत नाहीत. थंडीत रक्तवाहिन्या आकसून दाब चढतो, तेव्हा डिसेंबरचा आकडा मे महिन्याच्या आकड्याशी सरळ जुळवता येत नाही. आणि स्त्रियांचा दाब तरुणपणी पुरुषांहून कमी असला तरी पाळी गेल्यानंतर तो झपाट्याने त्यांना गाठतो. चाळिशीची बाई तपासून पन्नाशीच्या बाईविषयी बोलता येत नाही.

मोजणीबद्दलही आग्रहाने सांगायला हवे, कारण आळस इथेच शिरतो. चढ चढून आलेल्याला पाच मिनिटे पाठ टेकवून बसू द्यावे, लघवीला जाऊन येऊ द्यावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, दोनदा मोजावे. पट्ट्याचा आकार सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर दाब खोटा चढतो. बारीक दंडावर मोठा बांधला तर खोटा उतरतो. वजन आणि दाब यांचे नाते शोधणाऱ्याने एकच पट्टा सर्वांना बांधला, तर त्याला सापडलेल्या नात्यातला काही भाग पट्ट्यानेच तयार केलेला असतो.

रोगाची रेषा १४० वर ९० ला आखावी की १३० वर ८० ला, हा वाद वाचक पुढे सविस्तर वाचेलच. १९५० च्या दशकात पिकरिंग आणि प्लॅट या दोन ब्रिटिश डॉक्टरांत उच्च रक्तदाब हा वेगळा रोग की सर्वांत असलेल्या गुणाचे केवळ वरचे टोक, यावर मोठे वाक्‌युद्ध झाले. माझा कल त्याला गुणाचे वरचे टोक मानणाऱ्या पिकरिंग यांच्याकडे आहे. २००२ मध्ये दहा लाख प्रौढांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा ११५ वर ७५ पासूनच धोका हळूहळू चढताना दिसला; चाळीस ते सत्तर या वयात वरचा दाब दर २० मिलिमीटरने वाढला की हृदय व मेंदूच्या विकारांनी मरण्याचा धोका दुप्पट होत होता. निसर्गाने मध्येच कुठे उंबरठा घातलेला नाही.

गगनबावड्याचा घाट उतरताच लागणारा सिंधुदुर्ग जिल्हा नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात होता. ठरलेले औषध, ठरलेला क्रम आणि प्रत्येक रुग्णाची नोंद एवढ्या साध्या साधनांवर तो उभा आहे. अभ्यासकाला हव्या असलेल्या सामग्रीचा बराच भाग अशा नोंदींतच असतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई भरतात, त्यात वय आणि तंबाखूबरोबर कंबरेचा घेरही विचारलेला असतो. तोच माणूस, तीच टेप, योग्य मापाचा पट्टा आणि दर वर्षी तोच महिना, एवढे जमले तर आज चाळिशीत असलेल्या गावकऱ्यांची साठीपर्यंतची रेघ गगनबावड्यात आखता येईल. जे मुंबईला जातात त्यांचा फोन नंबर त्याच पानावर टिपून ठेवावा आणि गणपतीला गावी आले की त्यांचाही दाब मोजावा.