चौफुला

चौफुला : पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात पुणे–सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे ५५ किमीवर असलेला नाका. उत्तरेचा रस्ता केडगावावरून भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात न्हावऱ्याकडे जातो, दक्षिणेचा सुप्यावरून मोरगावला. त्यामुळे अष्टविनायकाला निघालेल्या गाड्यांची इथे सतत ये-जा असते. नाव झाले आहे ते मात्र लावणीच्या कलाकेंद्रांमुळे.

कलाकेंद्राला बोलीत ‘थेटर’ म्हणतात आणि तिथे चालते ती संगीत बारी. ढोलकी फडाचा तमाशा कनाती घेऊन जत्रा-जत्रांतून फिरतो. त्यात गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग असतो. संगीत बारीत वग नाही, सगळा भर गाण्यावर, नाचावर आणि अदेवर. इथे नाचगाण्याच्या पार्ट्या थेटरातच खोल्या घेऊन राहतात आणि रसिक त्यांच्याकडे येतात. पार्टीची मालकीण बहुधा बाईच असते. व्यवहार, शिकवणी आणि नव्या मुलींवर नजर, सारे तिच्याकडे. रंगमंचावर एकेक पार्टी आपली बारी करून जाते. जी पसंत पडेल तिची खासगी बैठक लावता येते.

खरी लावणी या बैठकीत. गादी-तक्के, एक पेटी, तबला, ढोलकी. बाई बसून गाते आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते: एकदा भुवईने, एकदा पदराच्या टोकाने, एकदा नुसत्या उलट्या तळहाताने, आणि दर वेळी ओळीचा अर्थ थोडा सरकतो. ढोलकीवाल्याचे डोळे तिच्यावरून हलत नाहीत. या बैठकीच्या लावणीला यमुनाबाई वाईकरांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. आता फर्माईश बहुतेक सिनेमातल्या गाण्यांची होते आणि दौलतजादाही त्यांवरच. जुनी बैठकीची लावणी मुद्दाम मागावी लागते. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहात लावणीला टाळ्या देणारी कुटुंबे या थेटरांवरून जाताना गाडीच्या काचा वर करतात, हेही नोंदवायला हवे. चौफुल्याच्या थेटरात दिवसा पाहण्यासारखे काही नाही.

दिवस घालवायचा तर परिसर मोठा आहे. यवतजवळच्या डोंगरावरील भुलेश्वराचे यादवकालीन मंदिर पाहावेच. बाहेरून ते घुमट-मिनारांचे, उत्तरकालीन बांधणीचे वाटते. आत शिरताच काळ्या पाषाणातील शिल्पपट्ट उलगडतात. त्यात स्त्रीरूपातील गणेश आहे. तो अंधारात असल्याने विजेरी जवळ असावी. याच डोंगरावर आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने दौलतमंगळ किल्ला बांधला होता. चौफुल्यालगतचे बोरमलनाथाचे देवस्थान जाता जाता होते.

केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या बायका-मुलींना त्यांनी इथे आणले. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीतल्या स्त्रियांनीच जुळवले, छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई इथेच वारल्या. थेटर आणि मुक्ती, दोन्ही घरे बायकांनी चालवलेली आणि अंतर जेमतेम पाच किलोमीटरचे. पण एका सहलीत दोन्हीकडे जाणारे विरळाच. बेट केडगावात नारायण महाराजांचे दत्तमंदिर आहे.

केडगावापासून भीमेपर्यंत उसाचा पट्टा आणि गुऱ्हाळे. चुलवणात चिपाडे ढकलत काहिलीतला रस आटवतात, वर आलेली मळी झाऱ्याने काढतात. मागितल्यास ताजी काकवी मिळते. नदीपलीकडे शिरूर तालुक्यात भीमाकाठी वडगाव रासाई हे रासाई देवीचे गाव आहे. ते दुपारी करावे आणि दिवेलागणीनंतर नाक्यावर परतावे; त्याआधी थेटरात कोणी नटलेले नसते.