कारीट फोडल्यानंतर

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या मुरुडात अभ्यंगस्नान झाले की तुळशीपुढे कारीट फोडतात. नरकासुर मेला, असे आम्ही मुलांना सांगतो. गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीने मला विचारले, “बाई, त्याच्या बंदीतून सुटलेल्या सोळा हजार बायकांना घरी घेतले का हो?”

घेतले नसते, म्हणून तर श्रीकृष्णाने त्यांना पत्करले. अपराध नरकासुराचा आणि लाज मात्र त्यांच्या माथी! मुलगी असे का विचारते, हे मी जाणून होते. पंचक्रोशीतल्या एका मुलीचे चोरून केलेले चित्रण तेव्हा मोबाईलवर फिरत होते. तिची शाळा सुटली. चित्रण करणारा उजळ माथ्याने हिंडत होता.

महर्षी अण्णासाहेब कर्वे आमच्या मुरुडचेच. १८९३ साली त्यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा याच गावाने त्यांना वाळीत टाकले. दोघांनी राजीखुशीने केलेला संसार आम्हांला पाप वाटला. वाळीत कोणाला टाकावे, हे गावाला तेव्हाही कळले नाही.

न्यायालयांनाही ते चटकन कळले असे नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री विदर्भातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, तेव्हा तिची संमतीच असली पाहिजे, असा निकालाचा रोख होता. १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून विचारले की, भीतीने गप्प राहणे आणि संमती देणे एकच का? स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला आणि पीडितेचे नाव छापणे हाही गुन्हा ठरला.

ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या शक्ती मिलच्या ओसाड आवारात एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक अत्याचार झाला. तोंड बंद राहावे म्हणून गुन्हेगारांनी मोबाईलवर चित्रणही केले. ती त्याच दिवशी इस्पितळात गेली. तिचे धैर्य पाहून, त्याच जागी जुलैत अत्याचार सोसलेली दुसरी तरुणीही पुढे आली. २०१४ साली दोन्ही खटल्यांत शिक्षा झाल्या.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती ठरत नाही, असे तिचे कलम ६३ सांगते. स्त्रीच्या खाजगी क्षणांचे चोरून चित्रण करणे कलम ७७ खाली गुन्हा आहे. चित्रणाला तिचा होकार होता, पण इतरांना दाखवायला नव्हता, तर ते पसरवणे हाही गुन्हाच. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. अत्याचारपीडितेवर मोफत उपचार करणे सरकारी आणि खाजगी, दोन्ही इस्पितळांना बंधनकारक आहे.

वाचकहो, हे सारे मी त्या मुलीच्या आईला जाऊन सांगितले. ती म्हणाली, “बाई, कायदा आहे हो, पण दारात कोण येणार?” त्या दिवाळीत फराळाचे पहिले ताट घेऊन मी त्यांच्याकडे गेले. परत येताना पाहते, तर प्रश्न विचारणारी ती मुलगी, आईचा हात धरून त्याच दाराकडे निघाली होती.