कापलेल्या नळीची साक्ष

जुने किल्ले, जुनी नाणी, जुनी दप्तरे यांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. घराच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या जुन्या बंदुकीविषयी मात्र क्वचितच कोणी लिहितो. तिच्याशी हिंसेचे आणि पोलिसांच्या कागदपत्रांचे नाते असल्यामुळे सुशिक्षित मंडळी तो विषय टाळतात. तरीही या लोखंडी नळीत इतिहास दडलेला असतो, आणि तिच्यावर वेळोवेळी झालेल्या फेरफारांत तो विशेष स्पष्ट दिसतो, असे आम्हांस वाटते. नळी आखूड का झाली, दस्त्याला लाकडाचा तुकडा का जोडला गेला, हे प्रश्न विचारले म्हणजे बंदूक कोणाच्या हाती होती आणि तिच्यावर कोणाची नजर होती, हे कळू लागते.

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आपटा मागे पडले की जिते लागते. पेण तालुक्याच्या या पट्ट्यात भातखाचरे, खाडीकडे उतरणारी सखल जमीन आणि पाठीशी रान असलेले डोंगर एकमेकांना लागून आहेत. अशा प्रदेशात भात पोटरीस आले की रानडुकरांचे कळप खाली उतरतात आणि वर्षाचे कष्ट एका रात्रीत तुडवून जातात. कोकणातील शेतकऱ्याच्या लेखी बंदूक ही शौकाची वस्तू नव्हती. शेतातला माळा, रात्री वाजवायचा पत्र्याचा डबा आणि बंदूक ही एकाच राखणीची साधने होत.

तोड्यापासून काडतुसापर्यंत

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोवे आणि चौल येथे पाय रोवले आणि तोड्याच्या बंदुकीचा प्रसार या किनाऱ्यावर वाढला. पुढे गारेची बंदूक आली. एकोणिसाव्या शतकात गारेची जागा तांब्याच्या छोट्या टोपीने घेतली आणि 'केपाची बंदूक' हा शब्द कोकणात रूढ झाला. या सर्व बंदुका तोंडाकडून दारू ठासून भरावयाच्या, म्हणून त्यांचे सामान्य नाव 'ठासणीची बंदूक'. काळी दारू सावकाश जळते, त्यामुळे त्यांच्या नळ्या लांब असत. घोडेस्वारासारख्या माणसाला मात्र लांब नळी आवरत नाही. त्याच्यासाठी आखूड नळीचे हत्यार झाले. त्याचे युरोपीय नाव मराठीने 'कडाबीन' असे आपलेसे केले. म्हणजे आखूड नळी ही मुळात गुन्हेगाराची कल्पना नव्हे. सोयीसाठी ती फार पूर्वीच जन्मास आली होती.

१८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात फ्रेंच कारागीर लफोशे याची मागून भरावयाची बंदूक मांडली गेली आणि इंग्लंडातील बंदूककारांची दिशा बदलली. १८७५ साली बर्मिंगहॅमच्या अँसन आणि डीली यांनी बाहेरचा घोडा नसलेली यंत्रणा सिद्ध केली. अशा दुनळी बंदुका गोऱ्या अधिकाऱ्यांबरोबर आणि संस्थानिकांच्या मागणीवरून मुंबईस येऊ लागल्या. काळा घोडा भागातील 'आर्मी अँड नेव्ही' या इमारतीचे नाव ज्या दुकानावरून पडले, तेथे अशा मालाची विक्री होत असे. मुरूडच्या नबाबाचे राखीव शिकाररान असलेले फणसाड आज अभयारण्य आहे. त्या काळची शिकार कशी चाले, याची ही एक जागती खूण.

फेरफारांचे वाचन

जुन्या दुनळी बंदुकीची नळी सामान्यतः २८ किंवा ३० इंच लांब असे. ती कापण्याची कारणे अनेक. नळीच्या तोंडात चिखल अडकलेला असताना बार काढला तर तोंड फुगते किंवा फाटते. मग तेवढा भाग कापून टाकणे हा स्वस्त उपाय. दाट झाडीत वावरताना आखूड नळी सोयीची पडते, हे दुसरे कारण. तिसरे कारण लपवाछपवीचे. त्याकडे पुढे येऊ.

कापल्याने नेमके काय हरवते? नळी आखूड झाली की बंदूक निकामी होते, हा समज खरा नाही. इंचामागे छऱ्यांचा वेग थोडासाच घटतो. खरी हानी 'चोक'ची होते. नळीच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत आतील व्यास किंचित अरुंद केलेला असतो. पूर्ण चोक असला तरी हा फरक सुमारे एक मिलिमीटरच. पण तेवढ्यामुळे ४० यार्डांवर ३० इंच व्यासाच्या वर्तुळात सुमारे ७० टक्के छरे पडतात. चोक नसेल तर हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास येते. करवतीच्या एका फेऱ्यात कारागिराचे हे कौशल्य नाहीसे होते. लंडनच्या रॉबर्ट चर्चिल याने १९२० च्या दशकात २५ इंची नळ्यांच्या बंदुका लोकप्रिय केल्या. परंतु त्या मुळापासून तशाच घडवलेल्या होत्या. तोल, चोक आणि दस्ता या सर्वांचा विचार करून. घडवलेली आखूड नळी आणि कापलेली आखूड नळी यांत हा भेद आहे.

तो ओळखण्याची खूणही सोपी आहे. जोडनळ्या मागे जाड आणि पुढे निमुळत्या असतात, म्हणून अखंड बंदुकीच्या तोंडाशी त्या जवळजवळ एकमेकींस टेकतात. तेथे फट दिसली आणि ती डाखाने बुजवलेली आढळली, तर नळी कापली गेली असे बहुधा समजावे. नेमाचा मणी नंतर बसवलेला असतो, तोही पुष्कळदा सांगून जातो. दस्त्याच्या फेरफारांतून माणूस दिसतो: कमी उंचीच्या धन्यासाठी दस्ता कापलेला, उंच धन्यासाठी मागे रबर किंवा लाकूड जोडलेले, मोडलेल्या मानेवर पितळी तार गुंडाळलेली.

सर्वच फेरफार मालकाने केले, असेही नाही. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने हिंदी शिपायांना दिलेल्या एन्फिल्ड बंदुकांतील आटे काढून नळ्या गुळगुळीत केल्या, म्हणजे त्यांचा नेम लांबवर साधू नये. पुढे ईशापूरच्या कारखान्यात लष्करी रायफली .४१० बोअरच्या, एका वेळी एकच बार काढणाऱ्या साध्या बंदुकांत बदलण्यात आल्या आणि त्या पोलीस व पहारेकऱ्यांच्या हाती गेल्या. अविश्वासाचा इतिहास इतक्या थेटपणे धातूत कोरलेला क्वचितच पाहावयास मिळतो.

वीस इंचांची रेघ

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसास परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची बंदी केली. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. हा अपमान राष्ट्रीय चळवळीच्या तक्रारींत वारंवार येतो. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा कायदा झाला. त्याच्या १३ व्या कलमात संरक्षणासाठी वा खेळासाठी हवी असलेली गुळगुळीत नळीची बंदूक किमान २० इंच लांबीची असावी आणि पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक द्यावी, असे म्हटले आहे. ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच राखणीसाठी काडतुसी बंदूक. शेतकऱ्याच्या गरजेला कायद्याने दिलेली ही मान्यता आहे आणि त्याच वेळी तिला घातलेली मर्यादाही.

सहाव्या कलमान्वये परवान्याशिवाय नळी आखूड करणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. यामागील तर्क उघड आहे. लांब नळी खांद्यावर दिसते, आखूड नळी कपड्यांत लपते. रानडुकरासाठी कोणी बंदूक लपवीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास किमान सात वर्षे आणि अधिकात अधिक जन्मठेप अशी शिक्षा आहे. फाटलेले तोंड कापून घेण्यासाठी गावातल्या लोहाराकडे बंदूक नेणे किती महागात पडू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

वारशाचे काय करावे?

१९६८ साली जित्याच्या उत्तरेस कर्नाळा अभयारण्य झाले, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९८६ साली फणसाडही अभयारण्य झाले. शिकार संपली. पीक नासणाऱ्या जनावरास मारण्यासाठीही आता वनाधिकाऱ्यांची परवानगी लागते. घरची बंदूक निवडणुका आल्या की ठाण्यात जमा करण्यापुरती उरली. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहतील असे ठरविले, आणि वारशाने आलेल्या बंदुकाही त्यातून सुटल्या नाहीत. त्यामुळे आजोबांची बंदूक ठेवावी की द्यावी, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे आला आहे.

याबाबत आमचे म्हणणे थोडक्यात असे. बंदूक जुनी आहे एवढ्यावरून ती कायद्यातून सुटत नाही. दुरुस्तीनेही चालू शकणार नाही, अशाच कालबाह्य हत्यारास ४५ व्या कलमाची सवलत आहे. वारसाने परवान्यासाठी अर्ज करावा, आणि तो मिळेपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर ठेवावी. तिच्यात आधुनिक काडतूस घालून पाहण्याचा मोह टाळावा. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून केलेल्या नक्षीदार 'दमास्कस' नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या आहेत. शिवाय जुन्या इंग्रजी बंदुकीची कोठी बहुधा अडीच इंची असते, आणि आजचे पावणेतीन इंची काडतूस तिच्यासाठी नाही. कोठी कोरून वाढविलेली असेल तर तेथील भिंत पातळ झालेली असते, आणि लंडनच्या वा बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचा जुना शिक्का त्या नळीची हमी देऊ शकत नाही.

आणि बंदूक हातची जाणारच असेल, तर त्यापूर्वी एक कागद करून ठेवावा. नळीची लांबी, तिच्यावरचे अंक व शिक्के, तोंडाशी फट आहे की नाही, दस्त्याला कोणती जोड आहे, ती कोणाकडून कोणाकडे आली आणि कोणत्या शेतावर वापरली गेली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यात लिहावे. ठाण्याच्या पावतीवर यांतील फार थोडे उतरते. बाकीचे सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच ते लिहून घेता येईल.