मातीचा जमाखर्च

सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत माती दिसते ती तुळशीच्या कुंडीत. परंतु येथून काही कोसांवर पुसा संस्था आहे, आणि मातीकडून किती धान्य मागावे याचे गणित तेथे मांडले गेले. दिवसभर आकडे लिहिणाऱ्या आम्हां मंडळींना त्याचे कुतूहल वाटावे, हे स्वाभाविकच आहे.

ही संस्था मूळची बिहारमधील पुसा गावची, १९०५ सालची. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्ये ती दिल्लीस आली. येताना गावाचे नाव मात्र बरोबर घेऊन आली.

आपल्या मुलखाने हा धडा आधीच, आणि महाग किमतीस, घेतला होता. १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा सुरू झाला. पाठोपाठ ऊस आला. पाणी मुबलक, निचरा नाही; खालचे क्षार वर चढले आणि चांगल्या काळ्या जमिनी चोपण झाल्या. १९३२ मध्ये पाडेगावास ऊस संशोधन केंद्र निघाले. तेथील बसू व तगारे यांचा कालव्यांखालील चोपण जमिनींवरील निबंध १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. मातीचे उभे थर वाचले, तर पाण्याखाली कोणती जमीन बिघडेल याचा अंदाज आधी बांधता येतो, हे या कामाचे मर्म होय.

१९६७ मध्ये पुसा संस्थेतील बी. राममूर्ती व त्यांचे सहकारी यांनी सोनोरा-६४ गव्हासाठी पुढचे पाऊल टाकले. एकाच शेताच्या पट्ट्यांना कमीअधिक खत देऊन त्यांनी मुद्दाम कसाची चढउतार निर्माण केली, आणि तीवर पीक घेऊन मोजमाप केले. क्विंटलभर धान्यास किती अन्नद्रव्य लागते, त्यांपैकी माती किती देते व खतातले किती पिकास पोचते, ही तीन उत्तरे मिळाली की इच्छित उत्पन्नासाठी खत किती, हे समीकरण सांगते. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठानेही गहू, ऊस यांची समीकरणे बसविली.

या समीकरणात आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते वजाबाकीचे चिन्ह. मातीने दिलेले वजा करावयाचे असते. युरिया स्वस्त झाला आणि ही वजाबाकीच विसरली गेली. उरलेले नत्र नायट्रेट होऊन विहिरीत झिरपते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा आहे.

२०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली. तीत बागायतीत अडीच हेक्टरांमागे व जिरायतीत दहा हेक्टरांमागे एक नमुना घेण्याचे ठरले. सरासरीने अहवाल शोभतो, हे आम्हां कारकुनांहून कोणास अधिक ठाऊक? पण दहा हेक्टरांच्या सरासरीत एखाद्याचा चोपण तुकडा सहज लपतो, आणि त्याचा संसार त्या तुकड्यावरच चालतो.

आज हेच गणित संगणक क्षणात करतो. तरीही नमुना बांधावरून उचलला की शेताच्या मधून, यावर उत्तराचा खरेखोटेपणा ठरतो. जमाखर्च शेवटी मूळ नोंदीइतकाच प्रामाणिक असतो.